२.३ किलोमीटर खोलीवरची नोंद : कोलारची खाण, न्यूट्रिनो आणि मुंबईचे इलेक्ट्रॉनिक्स

भिवंडीच्या यंत्रमागावर ताण्याचे हजारो धागे एकाच वेळी ताणलेले असतात. त्यांतला एक तुटला आणि वेळीच कोणाच्या लक्षात आला नाही, तर कापडात उभी रेघ उमटते आणि ताग्याचा भाव पडतो. साध्या मागावर ही राखण कारागिराच्या डोळ्यांवर सोपवलेली असते. स्वयंचलित मागावर मात्र प्रत्येक धाग्यावर धातूची एक बारीक पट्टी लटकवलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते, विद्युतमंडल पूर्ण होते आणि माग आपोआप थांबतो. कोणता धागा कोणत्या क्षणी तुटेल हे आधी सांगता येत नाही; म्हणून पहारा प्रत्येक धाग्यावर, आणि साऱ्या पहाऱ्यांचा मिळून निर्णय मात्र एकच.

मूलकण टिपणाऱ्या यंत्रांपुढे, म्हणजे डिटेक्टरांपुढे, नेमका हाच प्रश्न असतो. फरक एवढाच की तेथे 'धागा तुटणे' एका सेकंदाच्या अब्जांश भागात घडते आणि मागे उरतो तो विजेचा एक क्षीण स्पंद. तो पकडणारे, खरा की खोटा ते ठरवणारे आणि त्याची नोंद करणारे जे इलेक्ट्रॉनिक्स, त्याला 'रीडआउट' म्हणतात. शोधाच्या इतिहासात शास्त्रज्ञांची नावे राहतात, रीडआउटचा उल्लेख क्वचितच होतो. प्रत्यक्षात मात्र 'हे घडले' असे म्हणण्याचा अधिकार आधी त्या मंडलाचा असतो. त्याने जे टिपले नाही, ते विज्ञानाच्या लेखी घडलेच नाही.

मुंबईत बांधलेल्या अशा उपकरणांचा इतिहास कर्नाटकातील सोन्याच्या एका खाणीतून जातो. १९६५ साली, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची जगातील पहिली छापील नोंद तेथून आली.

आधी मूळ अडचण. विश्वकिरणांचे कण सतत आपल्या अंगावरून जात असतात. गायगर नळीतून असा कण गेला की एक स्पंद मिळतो. पण तसाच स्पंद भिंतीतल्या किरणोत्सर्गी अणूमुळेही मिळतो, आणि कधी नळी स्वतःच बिघडून देते. एका नळीच्या साक्षीवर निकाल देता येत नाही.

जर्मनीत वाल्थर बोटे आणि हान्स गायगर यांनी १९२४ च्या सुमारास यावर तोड काढली : दोन साक्षीदार ठेवायचे आणि दोघांनी एकाच क्षणी साक्ष दिली तरच ती मानायची. पुढे १९३० साली इटलीतील ब्रुनो रोस्सी या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने रेडिओच्या व्हॉल्व्हचे एक साधे मंडल 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यात अनेक व्हॉल्व्ह एकाच रोधाला जोडलेले होते. एक जरी व्हॉल्व्ह चालू राहिला तरी दाब चढत नसे. सगळे एकाच क्षणी बंद पडले तरच मोठा स्पंद बाहेर येई. आजचे संगणक ज्याला 'अँड गेट' म्हणतात त्याचा हा पूर्वज. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो काही महिन्यांत उचलला. एक रोध आणि मूठभर व्हॉल्व्ह यांवर एवढे विज्ञान उभे राहिल्याचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

१९३२ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पॅट्रिक ब्लॅकेट आणि रोस्सीकडून ही विद्या शिकून आलेले ज्युझेप्पे ओक्कियालिनी यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मेघपेटीच्या वर आणि खाली गायगर नळ्या ठेवल्या. दोन्ही एकदम बोलल्या की पेटी आपोआप प्रसरण पावे आणि कॅमेरा चाले. तोवर कण सापडेल या आशेने वाटेल तेव्हा छायाचित्रे काढली जात आणि बहुतेक कोरी निघत. आता कण स्वतःच आपले छायाचित्र काढवून घेऊ लागला. त्याच काळात केंब्रिजमध्ये मुंबईचा एक विद्यार्थी अभियांत्रिकी संपवून भौतिकीकडे वळत होता : होमी जहांगीर भाभा.

भाभा १९३९ मध्ये सुटीवर भारतात आले, युद्ध पेटले आणि ते येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांच्या छत्राखाली त्यांनी विश्वकिरणांचा विभाग उभारला. ते मूळचे सिद्धांतवादी. तरीही युद्धकाळात त्यांनी अमेरिकी हवाई दलाच्या विमानांतून गायगर नळ्यांची दुर्बीण उंच आकाशात पाठवून मोजमापे करवून घेतली. येथे 'दुर्बीण' म्हणजे भिंगे नव्हेत. एका रेषेत ठेवलेल्या नळ्या आणि त्यांना जोडणारे रोस्सीचे मंडल, एवढीच ती.

१९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, स्थापन झाली. वर्षअखेरीस ती मुंबईत पेडर रोडवरील 'केनिलवर्थ' या बंगल्यात आली, १९४९ मध्ये गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याच्या टोकावरील आजच्या वास्तूचे उद्घाटन जानेवारी १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. या सतरा वर्षांत भाभांनी एक धोरण कसोशीने पाळले. जे उपकरण येथे बनवता येईल ते येथेच बनवायचे. त्यामागे देशाभिमान होताच, पण निव्वळ व्यवहारही होता. परकीय चलन अपुरे होते, आणि दुसऱ्याने बांधलेले यंत्र बिघडले तर ते उघडण्याची हिंमत कोणाला होत नाही.

या धोरणाचे सर्वांत मोठे फळ भौतिकीच्या बाहेर दिसते. संस्थेत इलेक्ट्रॉनिक उपकरणे बनवणाऱ्या मंडळींत ए. एस. राव होते. त्यांच्या नेतृत्वाखाली हे काम तुर्भ्याच्या अणुऊर्जा केंद्रात वाढले. ऑगस्ट १९५६ मध्ये सुरू झालेल्या 'अप्सरा' अणुभट्टीची नियंत्रण यंत्रणाही येथेच बनली. १९६७ मध्ये याच प्रवाहातून हैदराबादची इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन, म्हणजे ईसीआयएल, जन्मली. मतदान यंत्रांवर जिचे नाव मतदारांनी वाचले असेल तीच ही कंपनी. तिची मुळे शोधत गेले की वाट कण मोजणाऱ्या मंडलांपाशी पोहोचते. टीआयएफआरने पन्नाशीच्या दशकात बांधायला घेतलेला 'टिफरॅक' हा संगणकही त्याच व्हॉल्व्हच्या विद्येचा भाऊबंद.

आता खाणीकडे. कोलारच्या सोन्याच्या खाणी १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या ब्रिटिश कंपनीने चालवल्या. १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून सुमारे १४७ किलोमीटर लांब तारांनी वीज आणून त्या चालवल्या गेल्या. त्या काळातील ही फार लांबची वीजवाहिनी होती. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चॅम्पियन रीफ खाण ३ किलोमीटरपेक्षा खोल गेली होती. सोने कमी होत होते, खडक खोलीवर तापत होता, दाबाने खडक फुटून अपघात होत होते. खाणमालकांच्या दृष्टीने खोली हे संकट होते. भाभांना त्यात छप्पर दिसले.

विश्वकिरणांचे म्यूऑन खडकात शिरतात आणि हळूहळू थांबतात. जितके खोल जावे तितके ते विरळ होतात. किती विरळ होतात, हे मोजण्यासाठी भाभांनी बी. व्ही. श्रीकांतन या तरुण संशोधकाला १९५१ च्या सुमारास कोलारला धाडले. नंजनगूडजवळ जन्मलेले श्रीकांतन १९४८ मध्ये संस्थेत आले होते. पुढे १९७५ ते १९८७ या काळात ते तिचे संचालक झाले. पण सुरुवात मात्र गायगर नळ्या आणि व्हॉल्व्हची मंडले पिंजऱ्यातून खाणीत उतरवण्यापासून झाली. ओल, धूळ, उष्णता आणि सुरुंगांचे हादरे या चारही गोष्टी व्हॉल्व्हला मानवत नाहीत. मुंबईच्या प्रयोगशाळेतील टेबलावर उत्तम चालणारे मंडल खाणीत चालेलच असे नाही, हा धडा तेथे मिळाला. त्याची नोंद शोधनिबंधांत फारशी सापडत नाही.

दहा वर्षांनी जपानचे एस. मियाके, व्ही. एस. नरसिंहम् आणि पी. व्ही. रमणमूर्ती आणखी खोल उतरले. एकेका पातळीवर म्यूऑनांची संख्या घटत गेली, आणि सर्वांत खोल पातळीवर सुमारे दोन महिने उपकरण चालू ठेवूनही एकही म्यूऑन नोंदला गेला नाही.

हे 'शून्य' नीट समजून घेतले पाहिजे, कारण सारा इतिहास त्यावर उभा आहे. बंद पडलेले उपकरणही शून्यच दाखवते. मग हे शून्य खडकाचे की बिघडलेल्या तारेचे? उत्तर नळ्यांच्या एकेकट्या मोजणीत होते. आसपासच्या खडकातील अल्प किरणोत्सर्गामुळे प्रत्येक डिटेक्टर स्वतंत्रपणे स्पंद देत राहतो. हे स्पंद प्रयोगाच्या दृष्टीने कचरा असतात, पण त्यांचा वेग रोज तपासला की यंत्र जिवंत आहे याची खात्री पटते. डिटेक्टर एकेकटे बोलत आहेत आणि मिळून मात्र गप्प आहेत, अशी ती अवस्था होती. म्हणजे शांतता खरी होती.

एवढी शांत जागा हाती आल्यावर प्रश्नच उलटा झाला. म्यूऑन नाहीत ही आता तक्रार नव्हती, संधी होती. विश्वकिरण वातावरणावर आदळतात तेव्हा न्यूट्रिनोही जन्मतात, आणि न्यूट्रिनोला २ किलोमीटर खडक काय, सबंध पृथ्वीही अडवत नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो खाणीभोवतीच्या खडकात अणुकेंद्रावर आदळेल आणि तेथे एक ताजा म्यूऑन निर्माण होईल. वरून येणारे म्यूऑन जवळजवळ सरळ खाली येतात, कारण तिरप्या वाटेने आले तर त्यांना कितीतरी अधिक खडक ओलांडावा लागतो. तेव्हा इतक्या खोलीवर आडवा धावणारा म्यूऑन दिसला, तर त्याचा जनक न्यूट्रिनोच असणार.

एम. जी. के. मेनन यांच्या पुढाकाराने टीआयएफआर, जपानचे ओसाका आणि इंग्लंडमधील डरहॅम विद्यापीठ यांचा संयुक्त गट तयार झाला. चॅम्पियन रीफच्या हीथकोट शाफ्टमध्ये, २.३ किलोमीटर खोलीवर, उपकरणे बसवली गेली. आडवे कण पकडायचे म्हणून डिटेक्टर भिंतीसारखे उभे केले होते. दोन बाजूंना सिंटिलेटर प्लास्टिकच्या भिंती होत्या. या प्लास्टिकमधून कण गेला की ते क्षणभर चकाकते, आणि ती चकाकी फोटोमल्टिप्लायर नळ्या विजेच्या स्पंदात बदलतात. दोन भिंतींच्या मध्ये शिशाचे थर आणि निऑन वायू भरलेल्या काचेच्या नळ्यांचे थवे होते. या फ्लॅश ट्यूबवर डरहॅमच्या अर्नोल्ड वोल्फेंडेल यांच्या गटाचा हातखंडा होता.

मंडलाची जबाबदारी येथे सुरू होते. फोटोमल्टिप्लायर अंधारातही स्वस्थ बसत नाही. उष्णतेने तिच्यातून आपोआप इलेक्ट्रॉन सुटतात आणि खोटे स्पंद येतात. खाण तर गरमच. हिशेबापुरते समजू की प्रत्येक नळी सेकंदाला १०० खोटे स्पंद देते, आणि एक मायक्रोसेकंदाच्या आत आलेले स्पंद मंडल 'एकाच वेळचे' मानते. फक्त दोन नळ्यांची एकवाक्यता मागितली, तर निव्वळ योगायोगाने दर ५० सेकंदांना एक खोटी घटना नोंदली जाईल. चार नळ्यांची मागितली, तर तशी खोटी घटना सुमारे ७९ वर्षांतून एकदा घडेल. साक्षीदार दुप्पट करताच ५० सेकंदांची ७९ वर्षे होतात. कोलारमध्ये दोन्ही भिंतींतील नळ्यांची मिळून एकवाक्यता मागितली गेली, त्याचे कारण या गणितात आहे. महिन्याकाठी जेमतेम एखादी घटना अपेक्षित असताना योगायोगाला जागाच उरता कामा नये.

एकवाक्यता झाली की मंडलापुढे दुसरे काम, आणि तेही घाईचे. कण गेल्यावर त्याच्या वाटेवरच्या निऑन नळ्यांत काही सुटे इलेक्ट्रॉन उरतात, पण ते मायक्रोसेकंदांच्या मोजपट्टीवरच टिकतात. ते नाहीसे होण्याआधी सर्व नळ्यांवर उच्च दाबाचा स्पंद टाकावा लागतो. मग ज्या नळ्यांतून कण गेला तेवढ्याच लाल उजळतात आणि कॅमेरा त्यांचे छायाचित्र घेतो. निर्णयाला उशीर झाला, की कण येऊन गेला आणि पाटी कोरी. छायाचित्रातील उजळलेल्या नळ्या जोडल्या की कणाची वाट आणि तिचा कोन मिळतो. भौतिकीचा सारा युक्तिवाद त्या कोनावर उभा होता.

त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गजवळच्या ईस्ट रँड सोन्याच्या खाणीत, ३.२ किलोमीटर खोलीवर अमेरिकेचे फ्रेडरिक राइन्स हाच शोध घेत होते. १९५६ मध्ये अणुभट्टीतील न्यूट्रिनो पकडणारे हेच राइन्स. त्यांची वाट वेगळी होती. त्यांनी द्रव सिंटिलेटरच्या लांब टाक्या वापरल्या आणि प्रत्येक टाकीच्या दोन्ही टोकांना फोटोमल्टिप्लायर लावले. कण कोठून गेला हे दोन टोकांच्या स्पंदांच्या आकारांची तुलना करून काढले जाई. स्थान कळण्यासाठी कोलारच्या गटाचा भर छायाचित्रावर होता, राइन्स यांचा स्पंदाच्या मोजमापावर. पुढच्या पन्नास वर्षांत जग राइन्स यांच्या वाटेने गेले. पण १९६५ मध्ये उजळलेल्या नळ्यांची सरळ रेघ कोणालाही पटावी इतकी बोलकी होती.

निकाल पंधरवड्याच्या अंतराने छापले गेले. कोलारचा निबंध 'फिजिक्स लेटर्स'मध्ये १५ ऑगस्ट १९६५ रोजी आला, राइन्स यांचा 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये ३० ऑगस्टला. राइन्स यांची पहिली घटना मात्र त्या वर्षीच्या २३ फेब्रुवारीची, म्हणजे घटनेच्या तारखेने ते पुढे आणि छपाईच्या तारखेने कोलार पुढे. 'पहिले कोण' या वादात दोन्ही बाजूंचे अभिमानी आपल्याला सोयीची तारीख निवडतात. दोन गटांनी दोन खंडांत, वेगवेगळ्या रीडआउटने, स्वतंत्रपणे तेच पाहिले. समकालिकतेच्या मंडलाचा नियम लावला तर साक्ष पक्की होते ती यामुळेच.

कोलारच्या त्या निबंधावर ११ नावे आहेत : ५ टीआयएफआरची, २ जपानी, ४ ब्रिटिश. मंडले जोडणाऱ्या तंत्रज्ञांची आणि उपकरणे खाली उतरवणाऱ्या खाणकामगारांची नावे लेखकांच्या यादीत नसतात. ती त्या काळची सर्वत्र रूढ पद्धत होती. तरी इतिहासाच्या अभ्यासकाने ती रिकामी जागा पाहून ठेवावी. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरच्या विमान अपघातात भाभा गेले. त्यांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिक्स समितीचा अहवाल त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

कोलारचा पुढचा मोठा प्रयोग १९८० मध्ये सुरू झाला. प्रोटॉन कधीतरी विघटित होतो का, हा त्याचा प्रश्न. लोखंडी कवचाच्या सुमारे १६०० वायुनळ्या ३४ थरांत, आडव्या-उभ्या, एकावर एक रचल्या. सारे मिळून वजन १४० टन. आता कॅमेरा नव्हता. प्रत्येक नळीतला स्पंद किती मोठा होता याची नोंद इलेक्ट्रॉनिक्स स्वतंत्रपणे ठेवत असे. पूर्वी मंडलाचे काम 'आता बघ' एवढे सांगण्याचे होते, आता बघण्याचे कामही त्याच्याकडे आले. गटाने सुरुवातीच्या वर्षांत काही घटना प्रोटॉनविघटनाच्या संभाव्य खुणा म्हणून पुढे ठेवल्या आणि जगात खळबळ उडाली. अमेरिकेतील आयएमबी आणि जपानमधील कामिओकांदे हे कितीतरी मोठे डिटेक्टर मात्र तसे काही पाहू शकले नाहीत, आणि दावा मागे पडला. मंडलांनी नोंद प्रामाणिकपणे केली होती. प्रश्न नोंदीच्या अर्थाचा होता. नव्वदीच्या सुरुवातीला प्रयोग थांबला. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबले आणि खालच्या पातळ्या पाण्याखाली गेल्या. जगातील सर्वांत खोल प्रयोगशाळांपैकी एक त्या पाण्याखाली आहे.

खाण गेली तरी विद्या कुलाब्यात राहिली आणि तिचे क्षेत्र जिनिव्हाजवळच्या सर्नकडे सरकले. सीएमएस या महाकाय डिटेक्टरच्या चुंबकाबाहेरचा थर, ज्याला 'आउटर हॅड्रॉन कॅलरिमीटर' म्हणतात, टीआयएफआरच्या पुढाकाराने भारतात बनला. आतल्या थरांतून निसटलेली ऊर्जा टिपणे हे त्याचे काम. त्याचा प्रकाश वाचण्यासाठी सुरुवातीला हायब्रीड फोटोडायोड बसवले होते. ते प्रबळ आणि सरळ चुंबकीय क्षेत्रात चांगले चालत. बाहेरच्या थरात मात्र क्षेत्र ना पुरते प्रबळ ना शून्य, आणि अशा अर्धवट क्षेत्रात त्यांच्यात विजेच्या ठिणग्यांसारखा गोंधळ माजे. दाब कमी ठेवला तर गोंधळ घटे, पण खरा स्पंदही दुबळा होई. अखेर २०१३-१४ च्या दीर्घ विश्रांतिकाळात ते काढून त्यांच्या जागी चुंबकाची पर्वा न करणारे सिलिकॉनचे प्रकाशगुणक बसवले गेले. हिग्ज बोसॉनच्या बातम्यांत या अदलाबदलीला जागा मिळणे शक्यच नव्हते. कोलकात्याच्या साहा संस्थेने सर्नच्या 'ॲलिस' प्रयोगासाठी 'मानस' ही १६ वाहिन्यांची चिप रचली आणि ती चंदीगढच्या कारखान्यात तयार झाली, ही घटनाही याच काळातली.

नव्या शतकात पुन्हा भूमिगत न्यूट्रिनोंचा विचार सुरू झाला. 'भारतस्थित न्यूट्रिनो वेधशाळा' ही ती योजना. तिच्या केंद्रस्थानी ५०,००० टन चुंबकित लोखंडाचा डिटेक्टर होता : लोखंडाचे १५० थर आणि त्यांच्या फटींत सुमारे २ मीटर लांबी-रुंदीचे काचेचे, वायू भरलेले २८,८०० डिटेक्टर. प्रत्येकाच्या एका अंगाला तांब्याच्या ६४ पट्ट्या, दुसऱ्या अंगाला आडव्या दिशेने आणखी ६४. गुणाकार केला की ३६ लाख ८६ हजार ४०० वाहिन्या होतात. भिवंडीच्या मागावरचा ताणा येथे लाखांत पोहोचतो, आणि बाण्यासारख्या आडव्या पट्ट्याही त्यात आहेतच. कण कोणत्या उभ्या आणि कोणत्या आडव्या पट्टीच्या छेदाखालून गेला, त्यावरून त्याचे ठिकाण कळते.

कोलारचाच हिशेब येथे लावून पाहावा. प्रत्येक वाहिनीने सेकंदाला १०० खोटे स्पंद दिले, तर सेकंदाला ३६ कोटींहून अधिक स्पंदांतून दिवसाकाठी मूठभर खऱ्या घटना वेचायच्या. शिवाय कण वरून आला की खालून, हेही सांगायचे, कारण खालून आलेला न्यूट्रिनो पृथ्वी ओलांडून आलेला असतो आणि त्या लांब प्रवासात त्याचा प्रकार बदललेला असू शकतो. प्रकाशाला १ मीटर जायला ३.३ नॅनोसेकंद लागतात. लोखंडाचे दहा थर म्हणजे साधारण एवढेच अंतर. तेव्हा घड्याळ एक नॅनोसेकंदापर्यंत विश्वासू असल्याखेरीज वर-खाली ओळखता येत नाही. यासाठी तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात 'अनुस्पर्श' ही चिप रचली गेली. ती पट्टीवरचा मिलिव्होल्टचा स्पंद वाढवते आणि ठरलेल्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्यालाच पुढे सोडते. कुलाब्यात एक मीटरच्या १२ डिटेक्टरांची चळत वर्षानुवर्षे विश्वकिरण टिपत राहिली. मंडलांच्या चुका तिच्यावर शोधल्या गेल्या.

तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, बोडी डोंगराखाली बोगदा खोदायचा होता. जानेवारी २०१५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १,५०० कोटी रुपयांच्या योजनेला मंजुरी दिली. स्थानिकांचा आणि पर्यावरणवाद्यांचा विरोध झाला, वाद हरित लवादाकडे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वाघांचा संचारमार्ग आणि पश्चिम घाटाची नाजूक परिसंस्था यांचा हवाला देत, तामिळनाडू सरकारने आपण परवानगी देणार नाही असे न्यायालयात सांगितले. एका बाजूला अर्धशतकाची वैज्ञानिक परंपरा आणि दुसऱ्या बाजूला खऱ्याखुऱ्या डोंगराखालची खऱ्या माणसांची भीती. या वादात कोणत्याही एका बाजूला अडाणी ठरवणारे लेखन वाचताना सावध राहिलेले बरे.

मदुराईत मात्र त्या योजनेची ८५ टनांची छोटी प्रतिकृती २०१८ पासून चालू आहे. तिच्यात चुंबकित लोखंड आहे, काचेचे डिटेक्टर आहेत आणि ३६ लाख वाहिन्यांसाठी योजलेल्या इलेक्ट्रॉनिक्सचा लहानसा तुकडा आहे. तिच्यावर कोलारचे खडकाचे छप्पर नाही. त्यामुळे तिच्या नोंदींत रात्रंदिवस आकाशातून उतरणारे म्यूऑनच म्यूऑन असतात.